सात डब्यांचं पाणी

‘तापमान-संवेदक सापडला नाही.’ या तीन शब्दांपायी माझ्या धाकट्या भावाच्या हातातलं सुकाणू काढून घेतलं गेलं. तीनच शब्द, पिवळ्या रंगातले. ते कोण कोणाला सांगतंय, त्याने कोणाचं काय बिघडतं, हे विचारायची तसदी एकाही माणसाने घेतली नाही. रंग पाहिला आणि निकाल दिला. या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी सांगायला बसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी शांतपणे सांगणार नाही.

माझं नाव दर्शना वासावे. बावीस वर्षं मी एकच काम केलं. यंत्रं सुरू होताना जे लिहितात, ते वाचायचं. कुठलाही संगणक जागा झाला की पहिल्या काही क्षणांत आपल्याजवळ काय काय आहे याची चाचपणी करतो आणि जे सापडलं, जे सापडलं नाही, ते ओळीओळीने लिहून ठेवतो. पांढरी ओळ म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे इशारा, लाल म्हणजे बिघाड. पिवळ्यांतल्या शंभरातल्या नव्वद ओळी निरुपद्रवी असतात. त्या नव्वद कुठल्या आणि उरलेल्या दहा कुठल्या, हे ओळखण्यासाठी ‘हृत्सखा’ कंपनीच्या आमच्या शहरातल्या सेवाकेंद्रात मला पगार मिळत होता.

हृत्सखा आता घरोघरी माहीत आहे. खांद्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेली सुपारीएवढी चकती. पूर्वी हृदयाचे ठोके सांभाळायला एक यंत्र लागायचं, साखर पाहायला दुसरं, रक्तदाबाला तिसरं. आता तिघं एकाच चकतीत नांदतात. चकतीत खरा संगणक एकच असतो, त्याला यजमान म्हणायचं. तो आपल्या पोटात तीन आभासी संगणक उभे करतो, ते पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला वाटतं की आपण स्वतंत्र, पूर्ण यंत्र आहोत. एकाचं डोकं फिरलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, ही त्यातली सोय. रोज पहाटे हे पाहुणे तीन सेकंद झोपून पुन्हा उठतात, म्हणजे दिवसभराचा शीण त्यांच्यात साठत नाही. तेवढे तीन सेकंद एक साधी, बिनडोक्याची तार हृदयाला ठोके देत राहते.

तर हा पाहुणा उठतो आणि सवयीने चाचपडतो. माझा तापमापक कुठे आहे? तो असतो यजमानाकडे. पाहुण्याला दिलेलाच नसतो, कारण त्याला गरज नाही. चकती तापली तर यजमान स्वतःच कामाचा वेग कमी करतो. मग पाहुणा लिहितो, ‘तापमान-संवेदक सापडला नाही’, आणि गुमान कामाला लागतो. घरी मुक्कामाला आलेला माणूस सकाळी उठून म्हणाला, की तुमचा गॅसचा सिलिंडर काही मला दिसला नाही, तर आपण गॅस संपला म्हणून गावभर ओरडत सुटतो का? पण मंडळ सुटलं.

मंडळ म्हणजे केवडखाडीची जलवाहतूक पाहणारं मंडळ. माझा भाऊ रुपेश त्यांच्या विजेवरच्या फेरीबोटीवर तांडेल होता. बोटीचा मुख्य चालक तो तांडेल. आमचे आबा तांडेल, आबांचे वडील तांडेल. खाडीचं मुख, दोन्ही काठांची गाळवणं, भरती-ओहोटीला कुठे किती पाणी राहतं, हे रुपेशला पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक होतं. चाळिशीत त्याचे ठोके चुकायला लागले, म्हणून हृत्सखा बसवला. मीच बसवून घ्यायला लावला. सहा वर्षं त्याने तो घेऊन बोट चालवली, एकदाही धक्क्याला ओरखडा नाही.

आबांची एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आबांची लाकडी होडी होती. लाकडाच्या होडीत रात्रभरात थोडं पाणी झिरपतंच. आबा रोज सकाळी तेलाच्या तिरप्या कापलेल्या डब्याने ते उपसायचे आणि मोजायचे. सात डबे. रोज सात. नऊ भरले की आबा होडी ओढून काठावर घेत आणि फट शोधत. एकदा चारच डबे भरले. आम्ही पोरं खूश झालो, की होडी बरी झाली. आबांचा चेहरा मात्र पडला. त्यांनी होडी उलटी केली. आत फळीखाली जुन्या दोरांचा आणि काथ्याचा गोळा अडकून पाणी मागच्या बाजूला दडून राहिलं होतं आणि तिथली फळी कुजायला लागली होती. त्यानंतर ते आम्हाला सांगायचे, की पाणी येतं म्हणून घाबरायचं नाही, रोजचं पाणी किती ते माहीत असलं पाहिजे.

आबा गेले. होडी धक्क्याखाली बांधलेलीच राहिली. रुपेश फेरीबोटीवर लागला तरी रोज सकाळी आधी होडीत उतरून सात डबे उपसायचा आणि मगच कामावर जायचा. त्याच्या बायकोला, मानसीला, हा खुळेपणा वाटायचा. मला वाटायचा नाही. मी शहरात बसून दिवसभर तेच तर करत होते.

मागच्या फेब्रुवारीत मंडळाने ‘शून्य पिवळे’ हा नियम काढला. सुकाणूशेजारी एक पट्टी बसवली. अंगात यंत्र असलेल्या तांडेलाने सकाळी तिच्यासमोर उभं राहायचं. पट्टी पहाटेची नोंद वाचणार. एकही पिवळी ओळ असली की मोटर सुरूच होणार नाही. आधी तज्ज्ञाचं पत्र चालायचं, ते बंद. शहाण्यांनी विचार केला असेल, की माणसाने वाचायचं म्हणजे माणूस चुकणार. रंग कसा चुकेल?

पहिल्याच सकाळी बोट हलली नाही. रुपेशला खाली उतरवलं आणि तिकिटाच्या खिडकीत बसवलं. त्याच्या जागी बाहेरून एक तांडेल आणला. त्या मुलाच्या अंगात कसलंच यंत्र नव्हतं, ही त्याची लायकी. खाडी त्याने नकाशात पाहिली होती. पहिल्या आठवड्यात त्याने बोट दोनदा धक्क्यावर आदळली आणि एकदा गाळात रुतवली. त्याची पट्टी मात्र हिरवीगार.

मी रजा टाकून मंडळाच्या कचेरीत गेले. नियमाचे जनक सरपोतदार नावाचे अधिकारी होते, वातानुकूलित खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. खाडीवर ते उद्‌घाटनाला एकदा आले होते म्हणे. मी तीन पानांचा अहवाल नेला होता, ती ओळ का येते, कुठून येते, तिच्याने काही होत नाही हे कसं तपासलं, सगळं लिहून. त्यांनी पानं उलटली. वाचली नाहीत, रंग शोधत होते. मग मला समजावणीच्या सुरात विचारलं,

“मॅडम, तुम्हीच म्हणता ओळ निरुपद्रवी आहे. मग काढून टाकायला काय हरकत आहे?”

मी म्हटलं, ओळ खोटी असती तर काढली असती. ती खरं सांगते आहे. पाहुण्याकडे तापमापक नाही, म्हणून तो नाही म्हणतो. ते म्हणाले, की त्यांच्या तक्त्यात खरं-खोटं असा रकाना नाही. हे त्यांनी विनोदाने म्हटलं असतं तर मी हसले असते. मी अहवाल तिथेच टाकून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. दुःखाने नाही, संतापाने.

रुपेश अबोल होत गेला. खिडकीत बसून तो खाडीकडे बघायचा. नव्या मुलाने वळण चुकवलं की याचा हात आपोआप टेबलावर वळायचा, असं मानसी म्हणाली. ती मला फोन करायची. आधी रोज, मग दिवसातून दोनदा. शेवटी एका रविवारी दोघं माझ्याकडे आली. मानसीच म्हणाली, “वन्सं, तुमच्या हातात हाय ते. तुम्ही नाय केलंत तर हा माणूस त्या खिडकीतच संपेल.”

माझ्या हातात होतं, हे खरंच. एक छोटा खोटा तापमापक लिहायचा. पाहुण्याने विचारलं की त्याने ठरलेला आकडा सांगायचा. पाहुण्याला संवेदक सापडला, ओळ गेली, पट्टी हिरवी. दहा मिनिटांचं काम. बावीस वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं आणि करणाऱ्यांना नावं ठेवली होती. पण सरपोतदारांचा तो समजावणीचा सूर माझ्या कानात होता. तुम्हाला हिरवं हवंय ना, घ्या हिरवं. एवढा राग होता मला, आणि समोर माझा भाऊ मान खाली घालून बसला होता.

मी ते केलं. वाचनयंत्र त्याच्या खांद्याला लावलं आणि लिहिलं. आकडा टाकताना थांबले. सदतीस टाकला तर खोटा वाटेल. खोट्यालाही थोडी कसर हवी. म्हणून छत्तीस पूर्णांक आठ टाकला.

दुसऱ्या दिवशी पट्टी हिरवी झाली आणि रुपेश सुकाणूवर गेला. त्या संध्याकाळी त्याने मला भरलेला पापलेट पाठवला. मीही पोटभर जेवले. ज्या ओळीला मी वीस वर्षं निरुपद्रवी म्हणत आले, ती पुसणंही निरुपद्रवीच असणार, असं मी धरून चालले. ही चूक माझ्यासारखीच करू शकते. ज्याला ती ओळ कळत नव्हती, त्याच्या हातून ही चूक झाली नसती. आबांच्या चार डब्यांची मला आठवणसुद्धा झाली नाही.

एप्रिलात ते घडलं. दुपारचे दोन, ओहोटी लागलेली, बोटीवर त्रेचाळीस माणसं, दोन मोटारसायकली आणि आंब्याच्या पेट्यांचा एक टेम्पो. सुकाणूची खोली काचेची, ऊन थेट आत. रुपेशने चकतीची बॅटरी चार्ज करायचं जॅकेट घातलं होतं. आठवड्यातून एकदा घालायचं असतं, सगळेच कामावर घालतात. चकती तापायला लागली. यजमानाला ते कळलं. एरवी त्याने तत्काळ वेग कमी केला असता. पण दोन वर्षांपूर्वीच्या सुधारणेत एक कलम आलं होतं. ज्या पाहुण्याकडे स्वतःचा तापमापक आहे त्याचं तो बघेल, यजमानाने आधी त्याला विचारावं. तेव्हा कुठल्याच पाहुण्याकडे तापमापक नव्हता, म्हणून मी ते कलम वाचून सोडून दिलं होतं. यजमानाने विचारलं. पाहुणा म्हणाला, छत्तीस पूर्णांक आठ. यजमानाने पुन्हा विचारलं. छत्तीस पूर्णांक आठ. रुपेशच्या कातडीखाली भाजत होतं आणि माझा आकडा सांगत होता की सगळं ठीक आहे.

रुपेशला दोन ठोके चुकल्यासारखं झालं, मग डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या क्षणी त्याने काय केलं ते ऐका. धक्का तीन मिनिटांवर होता. तीन मिनिटं आपल्याकडे नाहीत हे त्याने ओळखलं. त्याने बोटीचं तोंड उत्तरेच्या गाळवणाकडे वळवलं, जिथे ओहोटीला मऊ चिखल उघडा पडतो, आणि बोट हळूच त्या चिखलात चढवून मोटर बंद केली. मग तो पडला. चकती शेवटच्या मर्यादेला स्वतःच बंद झाली, ती बिनडोक्याची तार जागी झाली, आणि अकरा सेकंदांनी त्याचं हृदय पुन्हा चालू लागलं. भरती येईपर्यंत माणसं चिखलात अडकून बसली, आंबे उन्हात तापले. कोणाच्या पायाला साधं खरचटलं नाही. रुपेशच्या खांद्याखाली मात्र चकतीच्या आकाराचा भाजल्याचा डाग कायमचा उठला. इस्पितळात मी तो पाहिला.

मे महिन्यात चौकशी बसली. मंडळाचं म्हणणं सरळ होतं. त्या सकाळची नोंद स्वच्छ होती. नोंद स्वच्छ म्हणजे यंत्र निर्दोष. यंत्र निर्दोष म्हणजे दोष माणसाचा. तांडेलाने भर दुपारी, शुद्धीत असताना, प्रवाशांनी भरलेली बोट जाणूनबुजून चिखलात घातली, सबब परवाना कायमचा रद्द करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्रेचाळीस माणसं ज्या वळणामुळे वाचली, तेच वळण त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलं होतं, नकाशावर लाल रेघ मारून.

आत जाण्याआधी रुपेशने माझा हात धरला होता. “तू गप ऱ्हा, बाय. माजा परवाना गेला तर गेला. तुजी नोकरी कशाला?”

मी गप्प राहिले नाही. उठून सांगितलं, की ती ओळ मी पुसली. कशी, केव्हा, कोणता आकडा घालून. आणि मग सरपोतदारांकडे बघून म्हटलं, “तुम्ही विचारलं होतं ना, काढायला काय हरकत आहे? ही हरकत आहे. याच्या खांद्यावर आहे, बघा.”

रुपेशने सदऱ्याची बटणं काढली. सरपोतदारांनी पाहिलं नाही, ते लेखनिकाला काहीतरी सांगत होते. नंतर निकालात वाचलं तेव्हा कळलं काय सांगत होते ते. ‘बाहेरील व्यक्तीचा हस्तक्षेप’, एवढंच. रुपेशचा परवाना वाचला, पण अट तीच, पट्टी हिरवी असेल तरच सुकाणू. नियमाबद्दल एक अक्षर नाही. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. त्याची तक्रार मी करत नाही, ती जायलाच हवी होती.

त्या दिवशी एकाच माणसाने माझं म्हणणं मन लावून ऐकलं. हृत्सखाच्या मुख्य कार्यालयातून एक तरुण अभियंता आला होता. मधल्या सुटीत त्याने मला चहा दिला आणि बारीकसारीक विचारलं, की खोटा तापमापक नेमका कसा लिहिला, पाहुण्याला संशय कसा आला नाही, ओळ पूर्ण गेली का. माझी मूळ फाइल त्याने मागितली. मी आनंदाने दिली. वाटलं, शेवटी कोणालातरी समजून घ्यायचं आहे. यजमानाच्या त्या कलमाखाली मी पेनाने दोन रेघा ओढून दिल्या, हे आधी बदला म्हणून.

पावसाळा गेला. रुपेशने चकतीतला माझा तापमापक काढून घेतला होता, म्हणून तो पुन्हा पिवळा, पुन्हा खिडकीत. सकाळी तो आबांची होडी उपसायचा, दिवसभर तिकिटं द्यायचा. दसऱ्यानंतर बाहेरचा तांडेल कंटाळून नोकरी सोडून गेला. आणि त्याच सुमारास हृत्सखाने सगळ्यांना एक नवी सुधारणा पाठवली, ‘स्वच्छ सकाळ’ नावाची. आपोआप, रात्रीत बसणारी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नोंदी पांढऱ्याशुभ्र. मंडळाने धक्क्यावर अभिनंदनाचा फलक लावला. मानसीने मला फोन करून सांगितलं, की रुपेशला सुकाणूवर बोलावलं आहे, तुम्ही या.

मी सकाळी आठच्या सुमारास पोहोचले. धक्क्यावर वीसेक माणसं बोटीची वाट बघत होती. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, पलीकडच्या कॉलेजात जाणारी मुलं आणि प्राथमिक शाळेतल्या मुकादमबाई. बाईंचं अंग तापाने फणफणत होतं, त्यांचे पती त्यांना पलीकडे डॉक्टरांकडे नेत होते. रुपेश अजून बोटीवर चढला नव्हता. त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “पट्टीचं मना सांगू नको. तू वाच आधी.”

माझं जुनं वाचनयंत्र पिशवीत होतं. त्याच्या खांद्याला लावलं. नोंद खरंच स्वच्छ होती. जिथे ती ओळ असायची तिथे लिहिलं होतं, तापमान-संवेदक सापडला. मी आत शिरून आकडा पाहिला.

छत्तीस पूर्णांक आठ.

माझा आकडा. माझी कसर. एवढ्या मोठ्या कंपनीला स्वतःचा खोटा आकडासुद्धा सुचला नव्हता. यजमानाचं ते कलम उघडलं. जसंच्या तसं होतं. मी मुकादमबाईंकडे गेले. त्यांच्याही अंगात हृत्सखा होता. त्यांना म्हटलं, बाई, जरा बघू का. कपाळाला हात लावला तर चटका बसत होता. वाचनयंत्रावर छत्तीस पूर्णांक आठ.

मी ते यंत्र सगळ्यांसमोर धरलं आणि सांगितलं, ओरडून सांगितलं असेन, कारण कॉलेजची मुलं फोनमधून डोकी वर काढून बघायला लागली. म्हटलं, ही बाई तापली आहे की नाही हे तुम्ही हात लावून सांगा, आणि हे यंत्र काय सांगतंय ते वाचा. हा आकडा मी लिहिला होता, रागाच्या भरात, आणि त्याने माझा भाऊ भाजला. आज तो तुमच्यातल्या हृत्सखा बसवलेल्या प्रत्येकाच्या छातीत आहे, आणि त्यासाठी तो फलक लावला आहे. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. कोळणींपैकी एकीने मुकादमबाईंच्या कपाळाला हात लावला, यंत्रात पाहिलं आणि फलकाकडे बघून थुंकली.

बोट रुपेशच्या पुढ्यात, मोटर सज्ज, सहा महिन्यांनी. त्याला फक्त आत जाऊन उभं राहायचं होतं. तो माझ्यासमोर आला आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

“काढ तो आकडा, बाय.”

मी त्याला म्हटलं, “काढला तर पिवळा होशील. परत खिडकी.”

“चार डबे भरले तवा आबांनी होडी पाण्यात घातली नाय,” तो म्हणाला. “काढ.”

मी काढला आणि पाहुण्यांना तीन सेकंद झोपवून पुन्हा उठवलं, म्हणजे नोंद नव्याने लिहिली जाईल. तो बोटीवर चढला आणि पट्टीसमोर मुद्दाम उभा राहिला. पट्टीने नव्याने नोंद वाचली आणि पिवळी झाली. मोटर लागली नाही. त्याने सुकाणूवरून एकदा हात फिरवला, खाली उतरला आणि तिकिटाच्या खिडकीची किल्ली मानसीच्या हातात दिली.

खिडकीतला फोन वाजायला लागला. पट्टीचा रंग कचेरीत लगेच दिसतो. मानसीने उचलला. सरपोतदार विचारत होते, बोट का सुटली नाही, तक्त्यात काय लिहायचं. मानसीने फोन टेबलावर उताणा ठेवून दिला. त्यातून त्यांचा आवाज येत राहिला, समजावणीचाच.

मुकादमबाईंना डॉक्टरांकडे पोहोचायचं होतं. रुपेश धक्क्याच्या पायऱ्या उतरून खाली गेला आणि आबांची होडी सोडून पायरीला लावली. तिला मोटर नव्हती, पट्टी नव्हती. भरती संथ होती. मुकादमबाईंना त्याने हाताला धरून मधल्या फळीवर बसवलं, मागोमाग त्यांचे पती, मग दोन कोळणी. कॉलेजातली एक मुलगी पाऊल टाकता टाकता थांबली. होडीच्या तळाला पाणी होतं. सकाळच्या गडबडीत ते उपसायचं राहून गेलं होतं.

“यात पाणी येतंय,” ती म्हणाली.

रुपेशने फळीखालचा तिरपा डबा काढला आणि उपसायला लागला. कोणी घाई केली नाही. मी पायरीवर उभी राहून मोजत होते, आणि माझ्या लक्षात आलं की तोही ओठांत मोजतोय. शेवटचा डबा खाडीत रिकामा करून त्याने तळावरून हात फिरवला.

“सात,” तो मला म्हणाला. मग त्या मुलीकडे वळला. “रोजचंच पाणी हाय. बस.”

ती बसली. मीही बसले, आणि त्याने वल्हं हातात घेतलं.